एकोणपन्नासावी खुंटी

"एक काडेपेटीसुद्धा हरवणार नाही! लिहून घ्या!"

तरुण मंडळाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून कुलूपकाकांनी हे जाहीर केलं, तेव्हा टेबलावरचा पाण्याचा ग्लास आडवा झाला आणि मागच्या बैठकीचा वृत्तांत वाहून गेला. पण काकांना त्याचं काय! वृत्तांत त्यांच्या ताब्यातला नव्हता.

काका पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. तब्बल एकतीस वर्षं! त्यांच्या स्टोअरमधून साधा वॉशर बाहेर पडायचा तरी चिठ्ठी लागायची आणि चिठ्ठीवर दोन सह्या. एकदा खुद्द मालक पाना मागायला आले, तर काकांनी त्यांनाही हात हलवत परत पाठवलं. सही अस्पष्ट होती म्हणे!

तर बैठक होती डोंगरातल्या भटकंतीची. चार दिवस, तीन मुक्काम, पाठीवर सॅक आणि बारा पोरंपोरी. गेल्या वर्षी व्यायामशाळेच्या मास्तरांनी सगळ्यांना नेलं होतं. पोरं जाम खूश होऊन परत आली, पण दोन टॉर्च, एक पातेलं आणि अर्धा तंबू डोंगरावरच राहिला. मंडळाचा कार्यवाह म्हणजे काकांचा सख्खा मेहुणा. तो या हिशेबांना पार कंटाळला होता.

"दाजी, सगळं सामान जसंच्या तसं परत आणा," तो म्हणाला, "कार्यवाहाची खुर्ची तुमची! मी सुटलो!"

काकांच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. कारण असं की, दीड महिन्यानं ते निवृत्त होणार होते. आदल्याच दिवशी त्यांनी घरी बायकोला विचारलं होतं, "अगं, मग माझ्याकडे सही मागायला कोण येणार?"

"कुरिअरवाला येईल की," काकू म्हणाल्या होत्या आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या होत्या.

तेव्हा खुर्ची मिळालीच पाहिजे! काकांनी रजिस्टर आखलं. दोनशे बारा वस्तू. प्रत्येक सॅकवर नंबर, प्रत्येक चमच्यावर नंबर. शेवटच्या पानावर माणसं: बारा. धाकटी लेक त्या बारांतलीच. तिनं पान उलटसुलट करून पाहिलं.

"बाबा, यात तुमचं नाव नाही."

"अगं वेडे, स्टोअरकीपरला कधी मालात धरतात का?"

निघायच्या दिवशी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले गेले. पोरांनी आकांत केला, पण नियम म्हणजे नियम. काकांनी स्वतःचाही मोबाईल पिशवीत टाकला, कुलूप लावलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: मोबाईल, नग तेरा. माणसं बारा आणि मोबाईल तेरा, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

आता काकांच्या स्टोअरचा मुख्य कायदा ऐका. माल ज्याच्याकडे, चावी त्याच्याकडे नाही! म्हणून पोरांच्या दोन तुकड्या. खाण्याच्या सॅका पुढच्या तुकडीकडे, त्यांच्या चाव्या मागच्या तुकडीकडे. तंबू मागच्यांकडे, खुंट्या पुढच्यांकडे. काका दोन्हींच्या मधे कुठेतरी, आणि मनात आलं की झुडपामागून अचानक तपासणीला हजर! पोरं दचकायची. काकांना त्याचा फार आनंद व्हायचा.

पहिल्या दिवशी बाराला जेवायला बसलेली पुढची तुकडी दीड वाजेपर्यंत नुसत्या सॅककडे बघत बसली. चावी खालच्या वळणावर एका पोराच्या पायात गोळा आला म्हणून थांबली होती. चावी आली. मग चिठ्ठी लिहिली. मग काकांची सही. पाव निघाले तेव्हा पोरांना ते कुलपासकट खावेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी एका पोरीची टाच सोलवटली.

"काका, पट्टी!"

"चिठ्ठी भर."

तिनं एका पायावर उभं राहून चिठ्ठी भरली. एका रकान्यापाशी मात्र ती अडली.

"काका, इथे 'परत करण्याची तारीख' असं आहे. पट्टीची?"

काकांनी तो रकाना निरखून पाहिला. एकतीस वर्षांत हा प्रश्न आला नव्हता.

"उद्याची टाक," ते म्हणाले. आणि खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी त्यांनी ती परत घेतली हो! चिमट्यानं धरून, पाकिटात घालून.

तिसऱ्या दिवशी शिखर आलं. समोर डोंगरांच्या रांगाच रांगा आणि सूर्य टेकायला आलेला. काकांनी सगळ्यांना सूर्याकडे पाठ करून चमचे मोजायला बसवलं.

"काका, सूर्यास्त!" चष्मेवाला पोरगा कळवळून ओरडला.

"आपल्या यादीत आहे का तो?"

नव्हता. चमचे मात्र सव्वीसच्या सव्वीस भरले.

चौथ्या दिवशी सकाळी डोंगर उतरायला सुरुवात झाली. आता फक्त तासाभराची उतरण, मग बस, मग खुर्ची! अर्ध्या वाटेवरच्या सपाटीला काकांनी शेवटची मोजणी घेतली आणि त्यांचं धाबं दणाणलं. तंबूच्या खुंट्या अठ्ठेचाळीस हव्यात, भरल्या सत्तेचाळीस!

"वर राहिली!" काका किंचाळले. "पुढची तुकडी, तुम्ही व्हा खाली. मागचे इथेच थांबून सॅका झटका. यादी जुळली की लगेच निघायचं, बसवाला थांबणार नाही. मी आलोच!"

आणि साठीला टेकलेला तो माणूस हरणासारखा चढ चढत दिसेनासा झाला.

पाच मिनिटांत खुंटी सापडली. एकानं तिला ओले मोजे अडकवून सॅकला टांगलं होतं. यादी जुळली. आता काय? चष्मेवाल्यानं अर्धा तास वाट पाहिली, हाका मारल्या. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे, काका दुसऱ्या वाटेनं उतरून पुढच्यांना गाठणार! अचानक तपासणी! चला पळा, आपल्यालाच उशीर झालाय!"

खाली पुढच्यांना वाटत होतं, काका मागच्यांबरोबर असतील. मागचे धापा टाकत आले, तोवर बस भोंगा वाजवत होती. "काका कुठेत?" असं कुणीतरी विचारलंही, तर कुणीतरी "असतील पुढे ड्रायव्हरपाशी" असं सांगून झोपी गेलं. ड्रायव्हरनं रजिस्टर घेतलं, डोकी मोजली. बारा. यादीत? बारा. त्यानं गाडी सोडली.

इकडे काकांना वर खुंटी मिळाली! गवतात रुतलेली, गंजलेली, गेल्या वर्षी मास्तरांनी सोडून दिलेली. ती नाचवत ते खाली आले, तर सपाटीवर कोणी नाही. पायथ्याला कोणी नाही. बसच्या चाकांचे ठसे तेवढे होते. पोटात आग पडलेली. खिशात सगळ्या कुलपांच्या जादा चाव्या, अकराच्या अकरा, आणि उघडायला एकही कुलूप नाही! काका बसथांब्याच्या बाकावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण खरंच कुणाच्या यादीत नाही. फार वाईट वाटलं त्यांना.

तिकडे मंडळात सामान उतरलं. मेहुण्यानं दोनशे बारा वस्तू पाहिल्या आणि टाळ्याच पिटल्या.

"शाब्बास! कपाटात ठेवा सगळं. दाजींची सही घ्या."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटी पांढरीफटक पडली.

मेहुण्याची गाडी थांब्यापाशी पोचली तेव्हा चार वाजले होते. धाकटी धावत जाऊन बाबांच्या गळ्यात पडली आणि हमसाहमशी रडू लागली.

"बाबा, मला वाटलं तुम्ही मागे आहात!"

"यादी जुळली का?"

"जुळली हो!"

"मग रडतेस कशाला? आणि मी नाही हे कळलं कसं तुम्हाला?"

"सामान आत ठेवायला तुमची सही लागत होती."

काकांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू!

"म्हणजे माझ्या सहीवाचून अडलं तर!" ते मेहुण्याकडे वळले. "ऐकलंत मेहुणे?"

"ऐकलं, दाजी. खुर्ची तुमची. दर वर्षी डोंगरही तुमचाच!"

घरी काकूंनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. मग काकांचं चिठ्ठ्यांचं पुस्तक मागितलं आणि आत गेल्या. हे लक्षण चांगलं नव्हतं, पण काका झोपेला आले होते.

रविवारी बैठक भरली. काका इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात ती एकोणपन्नासावी खुंटी मिरवत आले. खुर्चीत बसायला वाकले तोच मेहुण्यानं हात आडवा धरला.

"जरा थांबा, दाजी. ताईनं चिठ्ठी पाठवलीय." आणि त्यानं घसा खाकरून वाचलं:

"नवरा, नग एक. वापरलेला, कडेनं झिजलेला. डोंगरावर विसरून आलेला, परत मिळाला. दीड महिन्यानं घरी कायमचा जमा. यापुढे कुणालाही बाहेर देऊ नये."

सभा खो खो हसली.

"छे छे, हे चालायचं नाही!" काका उसळले. "सह्या कुठे आहेत? दोन लागतात!"

मेहुण्यानं चिठ्ठी पुढे केली. एक काकूंची, एक धाकटीची.

काकांनी चष्मा पुसला, चिठ्ठी उजेडात धरून दोन्ही सह्या नीट निरखल्या आणि हळूच मागच्या रांगेत जाऊन बसले.

एकही अस्पष्ट नव्हती.