खरी सुई, खोटी सुई

आमच्या नालासोपाऱ्यातल्या आचोळ्याच्या बाजारात दामूकाका पाटील शिरले की भाजीवाले घाईघाईने आपला काटा पुसून घेतात. काकांच्या पिशवीत किलोचं एक लोखंडी वजन असतं. आधी ते वजन काट्यावर ठेवायचं, कमरेला हात लावून वाकून आकडा बघायचा आणि मग भेंडीचा भाव विचारायचा. आकडा बरोबर निघाला तर त्यांचा संशय आणखी वाढतो. "एवढा बरोबर कसा? यात काय तरी गोम हाय," असं पुटपुटत ते पुढच्या हातगाडीकडे वळतात.

काका माझ्या समोरच्या दारात राहतात. आमची इमारत उभी आहे ती त्यांच्याच भातशेतीवर. त्यांची सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली. लोक नाना युक्त्या करून मीटर थांबवायचे आणि काका ते बरोबर हुडकून काढायचे. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले आणि आम्ही सापडलो. टँकरचं पाणी आलं की खाली जाऊन ते वास घेणार. माझ्या सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या, तेव्हा काकांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "मास्तर, या नक्की तुमच्याच सासूबाई ना?"

जन्मभर जिन्याखाली उकिडवं बसून मीटर बघितल्याने काकांची कंबर मात्र कामातून गेली होती. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, व्यायाम झाला. प्रत्येकात गोम निघाली. घरात त्यांची बायको, हिराकाकी होत्या, काकींच्या आईचा हात खाडीकाठच्या गावांत नावाजलेला. बाळंतिणीला शेकावं, लचकलेली कंबर चोळावी तर तिनेच. काकी आईच्याच पद्धतीने तेल काढायच्या : खोबरेल, लसूण, ओवा आणि कसला तरी पाला. तो पाला कुठला हे काकी सांगत नसत, म्हणून काका त्या तेलाला अंग लावू देत नसत.

अशात विरारच्या एका डॉक्टरीणबाईंनी काकांना एका चाचणीबद्दल सांगितलं. चिरफाड नाही, टाके नाहीत. कंबरेत एक बारीक सुई घालायची, तिचं टोक तापवायचं आणि दुखणं मेंदूपर्यंत नेणारी नस बधिर करायची. ही पद्धत खरंच किती लागू पडते ते बघायचं होतं. त्यासाठी निम्म्या लोकांची सुई तापवणार आणि निम्म्यांची नुसतीच आत घालून बाहेर काढणार. कुणाला काय मिळालं हे चाचणी संपेपर्यंत सांगणार नव्हते.

मला वाटलं, आता काका तिथून पळ काढणार. पण त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसवून, आम्ही कदाचित तुम्हाला खोटं देऊ, असं सांगत होतं.

"एवढी सरळ बाई मी बघितली नाय," ते मला म्हणाले. मग संमतीचा कागद उलटसुलट वाचून त्यांनी बाईंना विचारलं, "सुई खोटी असंल तर सही पन खोटी चालंल का?"

बाई हसल्या. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं त्यांनी विचारलं. "कोनाच्या मापानं?" काका म्हणाले.

सुईच्या दिवशी सोबतीला मी गेलो. आत जाण्यापूर्वी काकांनी मला कोपऱ्यात ओढलं. "मास्तर, सुई तापवायची म्हंजे करंट लागनार. खाली जिन्याखाली मीटर हाय, मी बघून ठेवलाय. तिथं उभं ऱ्हावा. त्यावरचा दिवा भराभर लुकलुकला तर समजा सुई खरी."

मी वर्गात मुलांना विज्ञान शिकवतो. तरीही जाऊन उभा राहिलो. लिफ्ट वर गेली की दिवा लुकलुकायचा, कुणी एसी लावला की लुकलुकायचा. शेवटी रखवालदाराने माझ्या दंडाला धरलं आणि "क्या चोरी करने का है?" असं विचारून मला बाहेर काढलं.

थोड्या दिवसांनी काकांची खरी पंचाईत झाली. कंबर दुखायची थांबायला लागली. "उभ्या जन्मात मना कोनी फसवला नाय," ते म्हणाले, "आन् आता न तापलेल्या सुईनं फसू?" म्हणून ते न दुखणाऱ्या कंबरेला हात लावून कण्हत राहिले. एकदा मी त्यांना पाण्याचा भरलेला हंडा अगदी सहज उचलताना पकडलं. मला बघताच त्यांनी तो खाली ठेवला आणि वेळेवर आठवून "आई गं" केलं.

हे कण्हणं ऐकून एके दिवशी काकी पुढे झाल्या. "सुई खोटीच असंल तुमची. आता एकदा तरी हात लावू द्या. मरनार नाय तुमी." खोटं कण्हत होतो, हे सांगायची काकांना लाज वाटली असणार. ते निमूट पालथे पडले. दवाखान्यातून चौकशीचा फोन आला तेव्हा इमानदारीने म्हणाले, "दुसरा उपचार चालू केलाय. लिहून घ्या. तेल. बायकोचा."

महिनाभरात काका ताठ चालायला लागले आणि काकींनी इमारतभर सांगितलं, "माझ्या तेलानं उठला." आमच्या इमारतीतल्या बायका नालासोपाऱ्यात बाहेरून आलेल्या. काकींची गावठी बोली त्यांना धड कळायची नाही, त्यामुळे कुणी त्यांच्याशी फारसं बोलत नसे. मूलबाळ नाही, येणंजाणं नाही, दुपारभर काकी एकट्याच गॅलरीत उभ्या असायच्या. आता त्यांच्या दाराबाहेर चपला दिसायला लागल्या. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. काकी मोठ्याने हसतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग दवाखान्यातून निरोप आला : चाचणी संपली, सुई खरी होती की खोटी ते कळेल. खोटी मिळालेल्यांना खरी फुकट देणार होते. सगळी इमारत वाट बघत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई तर हसत म्हणाल्या, "आता कळेल तेलाचं!" काकींनी ते ऐकलं आणि त्या आत निघून गेल्या.

दवाखान्यात या वेळीही काकांसोबत मीच गेलो. डॉक्टरीणबाई संगणकाकडे वळल्या तसे काका उठून उभे राहिले. "बाई, ऱ्हाऊ द्या. नका सांगू."

"काका, सुई खोटी असेल तर तुम्हाला खरी मिळेल. तुम्हाला जाणून घ्यायचं नाही?"

"नाय."

मला यात गोम दिसली. रिक्षात बसल्या बसल्या मी विचारलं, "सासूबाईंची चौकशी करणारे तुम्ही, आणि स्वतःच्या कंबरेचं तेवढं नको?"

"समजा, सुई खरी निघाली," काका म्हणाले, "तर घरी जाऊन तिला काय सांगू? मना खोटा बोलाया येत नाय, मास्तर. तिला लगेच कळंल. म्हनून मना ठावंच नको."

इमारतीपाशी उतरल्यावर रिक्षाचे पैसे मीच दिले.

घरी काकींभोवती बायका जमल्या होत्या. "काय निघाला?" काकींनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मना ठावं नाय," काका म्हणाले. काकींनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. त्यात काहीच खोटं नव्हतं.

मग काकांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, बनियन वर केलं आणि सगळ्यांसमोर चटईवर पालथे झाले. "यांना शिकव तरी," ते चटईत तोंड खुपसून म्हणाले, "नुसत्या बघत बसल्यात."

काकींनी तेलात बोटं बुडवली. "बगा, आंगठा असा धरायचा," त्या म्हणाल्या, आणि बायका पुढे सरकल्या.