ठोंबरे मास्तरांचा सेन्सर ठरेना

ठोंबरे मास्तरांना "कसं काय?" विचारलं की ते तब्येत सांगत नसत, आकडा सांगत. "बाराशे!" म्हणजे निवांत आहेत. "चार हजार!" म्हणजे पेन्शनच्या कचेरीतून आत्ताच आलेत. "सहा हजार, सरक बाजूले!" म्हणजे मागून ठोंबरे काकू येताहेत. इंजिनाचा क्रँक मिनिटाला किती फेरे घेतो, या एकाच मापाने हा गृहस्थ जग मोजत असे.

मास्तर आमचे शेजारी. जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं आणि रिटायर होताच दोन सायलेन्सरची जुनी फटफटी घेतली. तिच्यावर बसण्यापेक्षा तिच्यासमोर पाटावर बसणंच जास्त. तिच्या क्रँकचे फेरे दाखवणारं मीटर लावायचं होतं. मीटर होतं, सुई होती, घोडं अडलं होतं फेरे मोजणाऱ्या सेन्सरपाशी. गाडी जोरात ओरडू लागली की भल्याभल्या सेन्सरची फजिती व्हायची.

मग दाखवण्याचे कार्यक्रम सुरू झाले. कबाडातून एकेक स्थळ यायचं आणि मास्तर चष्म्यावरून न्याहाळायचे. सायकलचा डायनॅमो आला. "दणकट आहे, पण जड गा! इंजिनच त्याले ओढत बसन." नापसंत. ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट आले. "पाच हजारावर उड्या मारते. चंचल!" नापसंत. शेवटी आली हेडफोनमधली चुंबकावरची तारेची गुंडाळी. दातेरी चाकाला न शिवता, नुसता लोखंडी दात समोरून गेला की तिला कळायचं. मास्तर खूश! पण नागपूरचा मे महिना, त्यात इंजिनचा शेजार. गुंडाळीचं मेण वितळलं. "गुणी होती, पण ऊन सोसलं नाही," म्हणत मास्तरांनी तिलाही परत पाठवलं. हेडफोन माझा होता, हे जाता जाता सांगतो.

इकडे नरखेडला काकूंच्या भाचीचं लग्न येऊन ठेपलं. "अजी, गाडी दारात उभी, अन् मी एस्टीत लोंबकळत जाऊ काय?"

"सेन्सर ठरू दे वं!" मास्तरांचं एकच उत्तर. काकू तणतणत आत जायच्या.

एका सकाळी मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, अख्खं नागपूर कानानं गाडी चालवते. इंजिन किती ओरडून राहिलं ते ऐकायचं अन् क्लच सोडायचा. तुम्हालेच हे सोंग काहून?"

माझ्या ओठांकडे टक लावून त्यांनी ऐकून घेतलं. काकू आत आहेत ना, ते डोकावून पाहिलं. मग स्वतःच्या समजुतीप्रमाणे हळूच, म्हणजे गल्लीभर ऐकू जाईल असं, बोलू लागले.

"मले इंजिन ऐकूच येत नाही गा. पह्यल्यांदा तुह्या काकूले मांगं बसवलं, तवा मूठ किती पिळली समजलंच नाही. क्लच सोडला, गाडी उसळली, ती कोपऱ्यावरच पडली. ओरडली असन बिचारी. अन् मी रेल्वे फाटकापर्यंत तिच्यासंग बोलत गेलो. फाटकावर वळून पाहतो, त मांगं कोणीच नाही! तिनं हसण्यावारी नेलं. मले नाही हसता आलं, बाप्पा. आता त्या सुईच्या भरोशावर तिले बसवायचं आहे. ते सुई चुकून कशी चालन?"

आतला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता.

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. मास्तरांची त्यांच्याकडे पाठ होती, त्यांना पत्ताच नाही.

"भाऊ, मोठ्यानं सांग त्यायले," काकू म्हणाल्या, "नरखेडले मी घट्ट धरून बसते. अन् फाटकापर्यंत काय बोलले होते, ते आता पुन्हा सांगा म्हणा."