भिवा मिस्त्रीचे लाल दिवे

गाडी दुरुस्तीला आली की कुठलाही मिस्त्री आधी बॉनेट उघडतो. आमचा भिवा मिस्त्री आधी ड्रायव्हरच्या जागेवर बसायचा, किल्ली अर्धीच फिरवायचा आणि इंजिन चालू न करता समोरचे लाल दिवे बघत राहायचा. एक तेलाचा, एक बॅटरीचा. दोन्ही पेटले तर मान हलवायची. एखादा पेटला नाही, की किल्ली काढून खाकी चड्डीच्या खिशात. मग ड्रायव्हर कितीही बोंबलू दे, दिवा का पेटत नाही ते कळेपर्यंत किल्ली परत मिळायची नाही.

“पेटललो दिवो बरो,” तो म्हणायचा. “काय जाला ता सांगता तरी. जो पेटणाच नाय, तेका भियाक व्हया.”

मी तेव्हा तळेऱ्याच्या शाळेत मास्तर होतो. माझी भाड्याची खोली त्याच्या गॅरेजला लागूनच. लोक म्हणत, गुरव देवाला कौल लावतो तसा हा गाडीला कौल लावतो. माणसांनाही तो त्यातून सोडत नसे. माझ्या बायकोला ताप भरला तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, “बरा जाला, गुरुजी. दिवो पेटलो. आता डाक्टराक दाखवा.” बायको आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

एकदा मुंबईचे एक गृहस्थ देवगडला निघाले होते. तेलाचा दिवा विझेना. तेल भरपूर होतं, त्यांना घाई होती. म्हणाले, “त्या दिव्याची तार कापून टाका, म्हणजे कटकट मिटली.”

भिवाने हातातला पाना खाली ठेवला. “तुमी ताप दिसता म्हणान थर्मामीटर फोडतास?”

गृहस्थ तीन तास बाकावर बसून राहिले. शेवटी निघालं काय, तर दिव्याच्या तारेवरचं रबर घासून गेलं होतं आणि उघडी तार इंजिनच्या लोखंडाला टेकत होती. दिवा उगीचच पेटत होता.

“एवढंच?” गृहस्थ चिडले.

“एवढाच. पण मगाशी दिवो खोटो ह्या तुमी नुसता मानत होतास. आता तुमका ठावक आसा.”

आम्ही हे किस्से सांगून हसायचो. तार कापायचं कुणी म्हटलं की तो हातातलं काम खाली ठेवतो, हे मी पाहिलं होतं. पण त्याचं कारण कधी विचारलं नाही.

भिवाने लग्न केलं नव्हतं. घरात त्याची विधवा वहिनी येसू आणि तिची मुलगी शेवंती. थोरला भाऊ तातू लॉरी चालवायचा. बारा वर्षांपूर्वी चिऱ्यांनी भरलेली लॉरी घेऊन विजयदुर्गाच्या वाटेने निघाला आणि उतारावर दरीत गेला. दारू पिऊन चालवत होता, असं सगळा गाव म्हणे. येसूवहिनीही तेच म्हणायची. घरात नवऱ्याचा फोटो नव्हता. त्याचा विषय निघाला की ती म्हणायची, “दारवेक बायल नि पोर दिसाक नाय.”

शेवंती अठराची झाली तेव्हा बांद्याचं स्थळ आलं. बोलणी करायला शिकलेलं माणूस हवं म्हणून भिवाने मला बसवलं होतं. पोहे झाले, मुलगी पसंत पडली. मग मुलाच्या मामांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, “बापाचा काय ता आयकला. दारवेचा घराणा नाय मां?”

मी काहीतरी सारवासारव करणार होतो. तेवढ्यात भिवा बोलला.

“तातून थेंब घेतललो नाय.”

मामांनी अडकित्ता थांबवला.

“तेच्या लॉरीक ब्रेकचो लाल दिवो होतो. ब्रेकचो जोर कमी जालो काय पेटायचो. आठ दिवस मधीच पेटी, मधीच विझी. तातू म्हणालो, भिवा, उतारार डोळ्यांम्होर ह्यो दिवो नको, भय वाटता. मीया तार कापलंय. म्हटलंय, सांजेक इलस काय बघतंय. तो सांजेक इलोच नाय.”

भिवा खाली बघत म्हणाला, “लोकांनी दारू म्हटल्यानी. मी गप रवलंय.”

मामांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला. म्हणाले, “आमचा काय म्हणणा नाय.” लग्न ठरलं.

दाराआड येसूवहिनी उभी होती. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली. रडली नाही.

“बारा वर्सां मीया तेका गाळी घातलंय,” ती म्हणाली. “आणि तुमी, भावजीनु, ता आयकत थंयच पाटार बसान जेवलास.”

त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. लग्न झाल्यावर लेकीच्या मागोमाग तीही बांद्याला गेली.

भिवा एकटा राहिला. गाड्या येत, तो दुरुस्त करी. जेवायला कधी हॉटेलात जाई, कधी जातच नसे. मी एकदा म्हटलं, बांद्याला जाऊन ये. तो म्हणाला, “काय सांगू जावन? सांगूचा ता सांगून जाला.”

भाद्रपदात बांद्याहून निरोप आला. तातूला मुलगा नसल्याने पितृपक्षातलं त्याचं श्राद्ध, म्हणजे म्हाळ, दरवर्षी भिवाच घालायचा. येसूवहिनीने कळवलं होतं, यंदापासून म्हाळ बांद्याला, जावई घालील. भिवाने येऊ नये.

त्या दिवशी त्याने गॅरेज बंद ठेवलं. दुपारी माझ्या दाराशी आला. हात साबणाने घासून लाल झाले होते, तरी नखांत काळं होतंच.

“गुरुजी, जेवक येशात? म्हाळ नाय, तो बांद्याक जातलो. मी नुसता रांदलंय. पण रांदल्यार कोणतरी जेवक व्हया.”

मी गेलो. त्याने केळीचं पान मांडलं होतं. भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे. त्याने वाढलं आणि समोर उकिडवा बसून माझ्या हाताकडे बघत राहिला. भात खाली लागला होता, सांबाऱ्यात मीठ दोनदा पडलं होतं.

“तातूक काळ्या वाटाण्याचा आवडायचा,” तो म्हणाला. “बरा जालाहा?”

“चांगलं झालंय,” मी म्हटलं, आणि आणखी भात मागून घेतला.