कुकरची ओळख परेड

"आत काय होतं?" हवालदारांनी विचारलं.

"भात," चष्मेवाले म्हणाले.

हवालदारांचं पेन थांबलं. पोलीस ठाण्यात सकाळपासून रीघ लागली होती. एका बाकावर दोन शेजारी नळावरून भांडून, एकमेकांचे शर्ट फाडून बसले होते. दुसऱ्या बाकावर मोबाइल हरवलेली मंडळी होती, आणि कोणी उचलत नाही म्हणून फोन वाजत राहिला होता. त्यात हा माणूस चोरीला गेलेल्या कुकरबद्दल बोलत होता. पण हवालदारांच्या नाकावरचा चष्मा याच माणसाच्या दुकानातला होता, त्यामुळे त्याला वाटेला लावणं बरं दिसलं नसतं.

घडलं ते एवढंच. चष्मेवाल्यांनी गॅस बंद केला आणि कुकर निवेपर्यंत बाहेरच्या खोलीत पेपर वाचला. परत येऊन बघतात तर ओटा रिकामा आणि खिडकी उघडी. कुकर गरम होता, म्हणून चोराने शेजारचं फडकंही नेलं होतं. पैसे, घड्याळ, कपाट, कशालाच हात लावला नव्हता.

"नवा घ्या की, काका," हवालदार म्हणाले. "कुकरसाठी कशाला खेटे घालता?"

"मला तोच पाहिजे."

"बरं. ओळखीची खूण सांगा."

"आत तळाला काळा डाग आहे. लांबट."

डागाबद्दल त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने उभ्या संसारात काही करपवलं नव्हतं. एकदाच, घड्याळ कुठल्या भिंतीवर लावायचं यावरून दोघांचं जुंपलं आणि तिने पाणी न घालताच कुकर चढवला. जळका वास आला तेव्हा दोघं एकमेकांना ढकलत स्वयंपाकघरात धावले, आणि कुकर उघडल्यावर ती हसत हसत खालीच बसली. तो डाग तिने पुढे कधी घासून काढला नाही. 'राहू दे, तुमच्या भांडकुदळपणाची पावती आहे,' म्हणायची. यंदा ती गेली. तेव्हापासून चष्मेवाले कुकर विसळला की आधी आत डोकावत आणि मग पालथा घालत.

चोर लवकरच सापडला. बागेतल्या बाकावर बसून तो कुकरातूनच भात खात होता. त्याला सगळे बोका म्हणत, कारण तो फक्त स्वयंपाकघरात शिरायचा. कुकर रस्त्यात सापडला, असं त्याने सांगितलं आणि तो त्यावर ठाम राहिला.

चष्मेवाले पिशवी घेऊन धावत ठाण्यात आले. पण कुकर आता कुकर राहिला नव्हता, मुद्देमाल झाला होता. झाकण लावून, फडक्यात बांधून, वर लाखेचं सील ठोकून तो मुद्देमालाच्या खोलीत गेला होता. आत उरलेल्या भातासकट.

"भात तरी काढायचा होता," चष्मेवाले म्हणाले.

"भात पुरावा आहे," हवालदार म्हणाले.

पुराव्याने आठवडाभरात आपलं अस्तित्व दाखवलं. आधी मुद्देमालाच्या खोलीतून वास आला, मग तो व्हरांड्यात आला, मग साहेबांच्या केबिनमध्ये. कोठडीतल्या एका पाकीटमाराने वकिलाकडे तक्रार केली. नळावरून पुन्हा भांडून आलेले शेजारी तर बाकावर बसल्या बसल्या समेट करून घरी गेले, तो मात्र ठाण्याला झालेला एकमेव फायदा. शेवटी साहेबांनी रीतसर परवानगी आणली, सील फोडलं, भाताचा पंचनामा झाला आणि भात पुरला. आता लगेच ओळख परेड घ्या, तक्रारदाराने कुकर ओळखला की बाँड लिहून त्याच्या हवाली करा आणि मला मोकळं करा, असा त्यांनी हुकूम सोडला.

ओळख परेडचा नियम असा की, चोरीच्या वस्तूबरोबर तशाच दिसणाऱ्या आणखी वस्तू ठेवायच्या. म्हणून शिपायांनी आपापल्या घरचे कुकर आणले. ते सगळे त्याच कंपनीचे, त्याच मापाचे निघाले. त्या दिवशी अर्ध्या पोलीस लाइनीत स्वयंपाक झाला नाही, आणि बायका काय काय बोलल्या ते कुठल्याच शिपायाने सांगितलं नाही.

टेबलावर कुकर मांडले गेले. चष्मेवाल्यांनी पहिल्याचं झाकण काढून आत पाहिलं. मग दुसऱ्यात पाहिलं. शेवटच्यात बघून झाल्यावर ते पुन्हा पहिल्याकडे आले. चष्मा पुसला, कुकर उजेडाकडे धरला. सगळे तळ चकचकीत होते.

"यात माझा नाही," ते म्हणाले.

"असं कसं?" हवालदार पुढे आले. "नीट बघा. गावाचे डोळे तपासता तुम्ही."

"डाग कुठाय?"

हवालदारांचा चेहरा उजळला. साहेबांसमोर तसला घाणेरडा कुकर कसा मांडायचा, म्हणून त्यांनी तो आदल्या दिवशी घरी नेला होता. "आमच्या हिने चिंच लावली, राख लावली. हात दुखून आले तिचे. पण डागाचं नावनिशाण ठेवलं नाही, काका."

बोलता बोलता आपण काय करून बसलो ते हवालदारांच्या ध्यानात आलं, आणि ते खाली बघून पट्टा सारखा करू लागले. चष्मेवाल्यांनी हातातला कुकर जपून टेबलावर ठेवला. साहेबांनी हळू आवाजात सांगितलं की आता कुठला कोणाचा ते आम्हालाही ओळखू येत नाही, कुठल्याही एकावर बोट ठेवा. चष्मेवाले म्हणाले, तो एखाद्या शिपायाच्या बायकोचा निघाला तर तिचं काय?

कोपऱ्यात बेडी घालून बसवलेला बोका इतका वेळ बघत होता. त्याला राहवलं नाही.

"साहेब, तो तिसरा. मुठीचा स्क्रू ढिला आहे बघा. पळताना सारखी हलत होती."

साहेबांनी मूठ हलवली. ती हलली.

"म्हणजे तूच चोरलास."

बोक्याने जीभ चावली. मग चष्मेवाल्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "हो. द्या त्यांना."

साहेबांनी बाँड पुढे केला. माझी वस्तू मला होती तशी परत मिळाली, असं त्यावर छापलं होतं. चष्मेवाल्यांनी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

"अहो काका, आईशप्पथ तुमच्याच ओट्यावरून उचलला," बोका कळवळून म्हणाला.

"माझा नाही."

साहेबांनी डोकं धरलं. चोर म्हणतो चोरला, मालक म्हणतो माझा नाही, मग मी लिहू काय, असं त्यांनी हवालदारांना विचारलं. तक्रारदारच ओळखत नाही म्हटल्यावर केस उभी राहीना. दुपारी बोक्याला सोडलं, आणि कुकर बेवारस मालात जमा झाला.

बाहेर रस्त्यावर बोक्याने चष्मेवाल्यांना गाठलं.

"काका, तो तुमचाच होता."

"माहीत आहे."

"मग घेतला का नाही?"

चष्मेवाले थोडं चालले. "चोरीला गेला होता तोवर डाग होता त्यात," ते म्हणाले. "चोरीला गेलेलाच बरा."

बोक्याला ते काही पटलं नाही. गेलेली वस्तू परत मिळाली की माणसं आनंदाने रडतात, असं तो ऐकून होता. धंद्यामुळे त्याला ते बघायला कधी थांबता आलं नव्हतं.