सुतार समाचाराला येतो तेव्हा

लोकांना धीर देण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मी ते चिठ्ठीवर लिहून, खाली सही करून, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या हातात दिलेलं आहे.

त्याचं असं झालं. आमचे पाळकसाहेब सलग चार रविवार कृपादानांवर बोलत होते. देवानं प्रत्येकाला काही ना काही दान दिलेलं आहे, ते पुरून ठेवू नका, मंडळीच्या उपयोगी आणा, वगैरे. चौथ्या रविवारी त्यांनी बाकांवरून कोऱ्या चिठ्ठ्या फिरवल्या आणि म्हणाले, "आपापलं दान लिहा आणि याच आठवड्यात कामाला लागा!"

बेकरीवाल्या काकांनी लिहिलं, 'पाहुणचार'. फुलवाल्या मावशींनी लिहिलं, 'सजावट'. पोस्टातून निवृत्त झालेल्या आजोबांनी लिहिलं, 'प्रार्थना', आणि मागची बाजूही भरून टाकली. मी पेन्सिल कानावरून काढली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'धीर देणे'.

शेजारून बायकोनं वाकून बघितलं. "अहो, हे काय? तुमचं दान तर सगळ्यांना ठाऊक आहे!"

"तो धंदा आहे. दान वेगळं!"

"धंद्यात कुणी फुकट देतं का?"

इथं मला एक खुलासा करायला हवा. मी सुतार. दारं, खिडक्या, कपाटं, पलंग सगळं करतो. पण मंडळीत कुणी वारलं की शवपेटीही मीच करतो, आणि तिचा एक पैसा घेत नाही. वडील घेत नसत, मीही घेत नाही. गेली वीस वर्षं हे माझं अर्पण आहे आणि मला त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते दुसरंच. वीस वर्षांत मी ज्या ज्या दारात गेलो, तिथं दार उघडणारा माणूस मला बघून रडायला लागला! बेकरीवाले काका गल्लीत शिरले की पोरं नाचतात. मी शिरलो की लोक घरातली माणसं मोजतात. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी दार उघडावं आणि मला बघून हसावं, एवढीच माझी इच्छा होती. खरं सांगतो, त्यासाठीच मी ती चिठ्ठी लिहिली.

पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. "ठीक आहे," ते म्हणाले. "गायनाच्या बाईंकडे जाऊन या. त्यांना धीराची फार गरज आहे."

गायनाच्या बाई म्हणजे आमच्या मंडळीचा गळा. चाळीस वर्षं त्यांनी गायनमंडळ चालवलं. लहानपणी मलाही शिकवायचा प्रयत्न केला आणि आठवड्याभरात मला खुर्च्या मांडायच्या कामावर पाठवलं. त्या न्हाणीघरात घसरून पडल्या त्याला पाच आठवडे झाले होते. हाड मोडलं नव्हतं, सूज उतरली होती, पण बाई पलंगावरून खाली पाय ठेवायला तयार नव्हत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दुखणं गेलंय, भीती राहिलीय. आता चालल्या नाहीत तर पाय कायमचे आखडतील." सून हात धरून उठवायची, मुलगा विनवण्या करायचा, बाई भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, "आता काय उरलंय माझं!"

अशा बाईंना मी उठवणार होतो! हसवून हसवून उठवणार होतो!

सोमवारी दुपारी कारखान्यातून मी थेट तिकडेच निघालो. घरी जाऊन कपडे बदलावे हे सुचलं नाही. अंगावर भुसा, कानावर पेन्सिल, खिशात मोजपट्टी. बेल वाजवली आणि चेहऱ्यावर मोठं हसू आणलं.

बाईंच्या सूनबाईंनी दार उघडलं. मला बघितलं. हातातला पेला खाली पडला.

"तुम्ही?"

"हो, वहिनी!" मी आणखी हसलो. "पाळकसाहेबांनी पाठवलं. म्हणाले, उशीर करू नका."

"पाळकसाहेबांनी?" त्यांचा आवाज बसला. "डॉक्टर त्यांच्याशी काही बोलले का?"

"बोलले असतील की! त्या दोघांचं रोजचं बोलणं असतं. तुम्ही अजिबात काळजी करू नका. आता मी आलोय ना!"

वहिनींनी दाराची चौकट धरली. मी चौकट बघितली. चांगली मजबूत होती. मी आत गेलो.

बाई डोळे मिटून पडल्या होत्या. उठवायला नको म्हणून मी शेजारी उभा राहिलो. तेवढ्यात त्या कुशीवर वळल्या आणि पलंग असा काही किंचाळला की मीच दचकलो! वाकून पाहिलं, तर एका बाजूची लांब पट्टी मधोमध चिरलेली. बाई पाच आठवडे या खड्ड्यात झोपल्या होत्या! असल्या पलंगावरून उठायची कुणाला भीती वाटणार नाही? धीर नंतर देऊ, आधी पट्टी बदलू, असं ठरवून मी मोजपट्टी काढली आणि बाईंच्या उशापासून पायथ्यापर्यंत माप घेतलं.

वर बघतो तर बाई टक्क जाग्या.

त्यांनी मोजपट्टीकडे बघितलं. म्हणाल्या, "किती भरलं?"

"सहा फूट एक इंच, बाई."

"मी पाच फुटांची बाई. एवढं लाकूड कशाला वाया घालवतोस?"

वा! बाई विनोद करत होत्या! मी येऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच दान कामाला लागलं! मला चेव चढला.

"असू द्या की ऐसपैस! पाय पसरून झोपाल."

"कधीपर्यंत होईल?"

"उद्या संध्याकाळी तयार!"

"उद्याच?"

"तुमच्यासाठी बाकीची सगळी कामं बाजूला ठेवतो, बाई. आणि पैशाचं नाव काढायचं नाही. एकदा आडव्या झालात की मग कुरकुर नाही, त्रास नाही, अगदी शांत झोप!"

दारात उभ्या असलेल्या वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मला वाटलं, हसू आवरत नसावं. आतून त्या फोनवर कुणाकुणाशी बोलत असल्याचं ऐकू आलं.

बाईंनी हळूच उसासा सोडला. पण खरं सांगतो, त्यांचा चेहरा एकदम शांत झाला. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवून सरळ माझ्याकडे बघितलं. "बरं झालं तूच आलास," त्या म्हणाल्या. "बाकीचे नुसतं खोटं बोलतात. तू निदान मोजून सांगतोस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या येण्यानं कुणाला बरं वाटलं होतं!

एवढ्यात बाईंचे चिरंजीव धापा टाकत आले. ते दिवसाढवळ्या कामावरून आले याचं मला नवल वाटलं. त्यांनी आईचे पाय धरले आणि तिथंच बसले. मग पोस्टातले आजोबा आले, त्यांनी कोपऱ्यात गुडघे टेकले आणि प्रार्थना सुरू केली. मग बेकरीवाले काका एक अख्खा टोपला पाव आणि चहाची भलीमोठी किटली घेऊन आले. म्हणाले, "माणसं येणार. त्यांचं कुणी बघायचं?" काल चिठ्ठ्या काय लिहिल्या आणि आज सगळे कामाला काय लागले! आमच्या मंडळीचा मला अभिमान वाटला. मी एक पाव घेतला.

"एका दिवसात कसं काय हो झालं हे?" काकांनी माझ्या कानात विचारलं.

"मी आलो आणि झालं!" मी नम्रपणे म्हणालो.

काका माझ्यापासून दोन पावलं लांब सरकले.

मग गायनमंडळ आलं. अकरा माणसं, सगळ्यांची नाकं लाल. आणि शेवटी फुलवाल्या मावशी आल्या. त्यांच्या हातात चाकाएवढं गोल पांढरं पुष्पचक्र होतं. ते घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, बाईंकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई! अजून आहेत?"

त्या क्षणी माझ्या घशात पाव अडकला.

मी पुष्पचक्राकडे बघितलं. हातातल्या मोजपट्टीकडे बघितलं. वहिनींचं रडणं, चिरंजीवांची धावपळ, काकांचं सरकणं, सगळं एका झटक्यात डोक्यात शिरलं. पायाखालची जमीन सरकली! मी ओरडणार होतो, "अहो, पलंग! पलंगाची पट्टी!" पण तोंडात पाव, कोपऱ्यात आजोबांची प्रार्थना रंगात आलेली आणि त्यात बाईंनी हात वर केला.

"आलाच आहात तर माझ्या निरोपाचं गाणं आत्ता म्हणून दाखवा," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मला काही सांगता येणार नाही."

मी पाव गिळायची पराकाष्ठा करत होतो. गायनमंडळानं हुंदके आवरले आणि सुरुवात केली.

आता रडत रडत गाणं हे किती अवघड असतं मला माहीत नाही, कारण मला न रडताही येत नाही. पण जे निघालं ते भयंकर होतं! पहिला आवाज एका गल्लीत, दुसरा आवाज दुसऱ्या गल्लीत, आणि जाड आवाजवाले दोघं अजून घरूनच निघाले नव्हते. पहिल्या कडव्याला बाईंनी डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या भुवया जवळ आल्या. तिसऱ्याला त्यांनी चादर फेकली.

"थांबा!"

कुणी थांबेना. दुःखच तेवढं होतं.

"थांबा म्हणते ना! हा सूर आहे की तेल न घातलेली बिजागरी? पाच आठवडे मी नाही तर ही दशा? या सुरावर मला पोचवणार? मी नाही जायची!"

आणि बाई उठल्या! पाय खाली ठेवले, पलंगाचा कठडा सोडला आणि तरातरा चार पावलं चालत गायनमंडळासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात वर केला. "पुन्हा! पहिल्यापासून! आणि तू, नाक पूस आधी!"

कुणीही गायलं नाही. सगळे बाईंच्या पायांकडे बघत होते. मग बाईंनीही खाली बघितलं.

"अगं बाई," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "मी उभी आहे?"

चिरंजीव लहान मुलासारखे रडले. वहिनी सासूच्या गळ्यात पडल्या. मीही रडलो, आणि त्या रडण्यात एकदाचा पाव खाली उतरला. मग मी पलंगाच्या पट्टीचं सगळं सांगून टाकलं. खोलीत असा हशा उठला की विचारता सोय नाही! सगळ्यांत जास्त बाई हसल्या. आजोबांनी कोपऱ्यातून मान वर करून विचारलं, "काय झालं?" कुणीतरी सांगितलं, उठल्या. आजोबा म्हणाले, "मग मी आत्तापर्यंत देवाला काय सांगत होतो?" पुष्पचक्र खिडकीत टांगलं. चहा मात्र सगळा संपला.

पाळकसाहेब धावत आले तेव्हा बाई उभ्या राहून गायनमंडळाला झापत होत्या. पाळकसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "धीर देणं म्हणतात ते हेच!" त्यांनी असं म्हणायला नको होतं. माझी छाती दोन इंच फुगली.

मग दोन आठवडे मी समाचाराला फिरलो. पण काही केल्या आजारी माणूसच सापडेना! तापानं फणफणलेले रंगारी मी फाटकातून आत येताना दिसताच शिडीवर चढून भिंत रंगवू लागले. थर्मामीटर तोंडातच होतं! शिंपीणकाकूंनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "मी ठणठणीत आहे! पुढच्या घरी बघा!" मी निराश झालो. म्हणजे माणसं बरी होत होती हे चांगलंच, पण हसून दार काही कुणी उघडत नव्हतं.

आणि मग परवा ते घडलं. बाईंच्या पलंगाला नवी पट्टी बसवली होती, ती नीट बसली का बघायला मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. बाई चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेलेल्या, पायी! मी बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. मला बघितलं.

आणि त्या हसल्या! तोंडभरून, डोळ्यांतून, मनापासून हसल्या!

"या या या!" त्या म्हणाल्या. "देवासारखे आलात! तुमचीच आठवण काढत होते!"

वीस वर्षं! मला हुंदका फुटायचाच बाकी होता. मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला कल्पना नाही, मला किती..."

"हळू बोला," वहिनींनी माझं मनगट धरून मला आत ओढलं. "आमचे हे तीन दिवस अंग दुखतं म्हणून लोळत पडलेत. कामावर जायचं नाव नाही. काही बोलू नका, नुसते जाऊन पलंगाशेजारी उभे राहा!"

मी नुसता दारातून डोकावलो. चिरंजीव ज्या वेगानं माझ्या काखेखालून निसटले, त्या वेगानं माणूस बूट कधी घालतो हे मला अजून उमगलेलं नाही. वहिनींनी मला चहा दिला, वर दोन बिस्किटं दिली. आणि जाताना शेजारणीला हाक मारून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "तुझ्याकडेही पाठवू का गं?"