वाटेत किती खाल्ले?

पांडूकाकांना लग्नाला बोलवायचं म्हणजे आपल्याच हातानं फजिती करून घ्यायची. माझ्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या, तोच काका मांडवात मोठ्यानं म्हणाले, "हिचा आवाज काय त्याच्यापर्यंत पोचायचा नाय. मधी सासू उभी हाय. चाळीस खाते!" सासूबाईंनी ऐकलं. त्याचं उट्टं मात्र माझ्यावर निघालं.

काका आमचे शेजारी. शहापूरजवळच्या जंगल चौकीत वायरलेसचा सेट सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. आता चौकीतला तो सेट मी सांभाळते, म्हणून रोज दुपारी तिथं येऊन माझं डोकं खातात. हिशेब एकच. सेटमधून आवाजाचे शंभर भाग सुटतात, वाटेत कोण किती खातं ते वजा करायचं. डोंगर चाळीस, पत्रा वीस, ओला साग दहा. यंत्रानं मोजा म्हटलं की म्हणणार, "यंत्राला काय डोंगर दिसतो?" आणि बोलता येत नसेल तर नुसतं बटण दोनदा दाबायचं, म्हणजे ऐकलं, ही शिस्तही त्यांचीच.

गेल्या उन्हाळ्यात मुरबाडकडच्या डोंगराला वणवा लागला. आमचे हे वनमजूर, विझवायला गेलेले. दुपारी मी सेटवर हाका मारतेय, तर उत्तर नाही. पाचदा झालं, दहादा झालं. मला रडूच फुटलं.

काकांनी नकाशावर बोट ठेवलं. "शेवटचा कुठून बोलला?"

"ओहोळातून."

बोटांवर मोजून झालं. "रडतेस कशाला गो? आपला खांब उंच, सेट मोठा. डोंगरानं खाऊन पण आपले उरतात. त्याचा हातातला सेट लहान, त्याचे वाटेतच संपतात. त्याला तुझं ऐकू येतंय. त्याचं तुला नाय."

आणि माझ्या हातातला माईक ओढून घेतला. "विठ्ठल, उत्तर देत बसू नको. धूर नाय त्या बाजूनं डोंगराच्या सोंडेवर चढ, आन् मंग बोल."

पंधरा मिनिटं. मी देवाला नारळ बोलले, सासूबाईंना साडीसुद्धा बोलले. मग सेट खरखरला. "कवाधरनं ऐकतोय! तू मला बोलू देशील तर ना!"

हुश्श! जिवात जीव आला. असं वाटलं, हे समोर असते तर आधी रट्टा घातला असता आणि मग रडले असते.

संध्याकाळी पेढे घेऊन काकांकडे गेले. काकींना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली, तोंडातून शब्द नाही. काका खाटेशी बसून त्यांना वणव्याची गोष्ट सांगत होते, माझ्या रडण्यासकट. सांगून झाल्यावर आपला तळहात त्यांच्या बोटांखाली ठेवला.

"काकींना कळतं?" मी हळूच विचारलं.

"तिला सगळं ऐकू येतं गो. तिचंच तेवढं वाटेत संपतं."

बराच वेळ काहीच झालं नाही. काका हलले नाहीत. मग काकींचं बोट त्यांच्या तळहातावर टेकलं. एकदा. आणि पुन्हा एकदा.