आगुस्तीन अंकलचा जपानी माणूस

आगुस्तीन अंकल स्वतःच्या ग्लासात स्वतः काहीही ओतून घेत नाहीत. व्होडका नाही, ताक नाही, चार माणसांत बसले असतील तर साधं पाणीसुद्धा नाही.

मला हे कळलं ते आमच्या बार्बेक्यूच्या दिवशी. क्वेकर्स हिलला घर घेतल्यावरचा तो आमचा पहिला उन्हाळा. सिडनीच्या या पश्चिमेकडच्या भागात उन्हाळ्यात असं उकडतं की शेजारी एकमेकांशी हवामानाखेरीज काही बोलूच शकत नाहीत. टेबलावर कोकम सरबताचा मोठा जग ठेवला होता आणि त्याच्यासमोर अंकल रिकामा ग्लास घेऊन उभे होते. आमचं कुंपण एकच, पण ओळख जेमतेम आठवड्याची. मला वाटलं, यांना डायबिटीस असावा. नवरा म्हणाला, कोकम आवडत नसेल. लोक टेबलापाशी येत होते, स्वतःचं सरबत ओतून घेत होते, अंकलकडे बघून हसत होते, अंकलही हसत होते. शेवटी त्यांचा चेहरा सरबताच्याच रंगाचा झाला, तेव्हा मी पुढे झाले.

"अंकल, सरबत घेत नाही?"

"कोणी दिलं तर घेईन की."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मी ग्लास भरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवला, मग लगेच जग उचलून माझा अर्धा ग्लास काठोकाठ भरला आणि म्हणाले, "आता बरोबर झालं. आपल्या ग्लासात आपण ओतायचं नसतं. जपानी माणूस शेजाऱ्याच्या ग्लासावर लक्ष ठेवतो. शेजारी आपल्या ग्लासावर ठेवतो."

"आणि शेजाऱ्याचं लक्षच नसेल तर?"

"तर थांबायचं," अंकल म्हणाले.

तेव्हापासून आमच्या घरी अंकल आले की मी आधी त्यांचा ग्लास बघते आणि मग त्यांना 'या, बसा' म्हणते.

अंकल मूळचे वसईचे. औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होते. बायकोला, मार्गारेट आंटीला, आणि लहानग्या मुलीला घेऊन फार वर्षांपूर्वी इकडे आले, इथेही तेच काम केलं, रिटायर झाले. आंटी गेल्या. मग घरात बसवेना म्हणून हॉक्सबरी नदीकडच्या एका छोट्या डिस्टिलरीत आठवड्यातले काही दिवस जाऊ लागले. तिथे त्यांचं काम दारूची प्रत तपासण्याचं. म्हणजे ते हुंगतात, अगदी थोडीशी चाखतात, मान हलवतात आणि डबा उघडून पोळी-भाजी खातात. डिस्टिलरीची जिन खपते. व्होडका खपत नाही. आणि जे खपत नाही त्याच्यावर जीव लावायचा हा अंकलचा स्वभाव असल्यामुळे त्यांनी ठरवलं की ही व्होडका जपानला पाठवायची.

मालक ऑस्ट्रेलियन, दिलदार माणूस. तो त्यांना गस म्हणतो. "गस, मेट," तो म्हणाला होता, "आधी डबोत विकून दाखव." डबो म्हणजे इथून आडवाटेला, मेंढ्यांच्या मुलखातलं गाव. अंकलना हा विनोद अजून आवडलेला नाही.

जपानी ग्राहक हा त्यांचा खास विषय. पण 'जपानी ग्राहक' असं ते म्हणत नाहीत, 'जपानी लोक' असंही नाही. ते म्हणतात, 'जपानी माणूस'. तोही एकवचनी. "जपानी माणूस व्होडका कोरी पीत नाही. उंच ग्लास घेतो, बर्फ काठापर्यंत, लिंबू, सोडा." "जपानी माणसाला बाटली देखणी लागते, भेट द्यायची असते ना." "जपानी माणूस दुकानातून लिंबाच्या सोड्याचा कॅन घेतो. त्यात पुष्कळदा व्होडकाच असते, बरं का. पण तो तिला नावाने ओळखत नाही." हे शेवटचं वाक्य ते असं बोलतात की ऐकणाऱ्याला व्होडकाची कणव यावी.

आणि या सगळ्यावर त्यांचं ठरलेलं पालुपद: "मार्केट आहे. फक्त लाजतंय."

हे लाजरं मार्केट बोलतं करण्यासाठी अंकल काय वाटेल ते करतात. त्यांच्या मागच्या अंगणात वसईच्या आठवणीने लावलेल्या केळी आहेत आणि त्यांच्याशेजारी फिंगर लाइमची झुडपं. हे इथलं रानलिंबू, बोटाएवढं लांब. चिरलं की आतून साबुदाण्यासारखे दाणे बाहेर पडतात. ते घालून त्यांनी व्होडकाचा एक प्रकार केला, तो खरंच छान झाला. मग हुरूप येऊन कोकम घालून केला, तो आमच्या घरच्या सिंकला माहीत आहे. एकदा मी त्यांच्याबरोबर वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानात किराणा आणायला गेले होते. डाळी घ्यायच्या सोडून अंकल आवळा सुपारीचं पाकीट उजेडात धरून उभे. दुकानदाराला म्हणाले, "भाई, ये जापानी आदमी को पसंद आएगा?" दुकानदाराने रांगेकडे बघितलं, अंकलकडे बघितलं. "अंकल, ये तो अपनेवाले भी नहीं लेते."

"तो व्यापारी आहे," बाहेर आल्यावर अंकल म्हणाले, "त्याला मार्केट कळत नाही."

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांनी ठामपणे सांगितलेल्या गोष्टींवर संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. तरी एवढ्या वर्षांत एक साधा प्रश्न मला सुचला नव्हता. तो एका दुपारी, फिंगर लाइमचे दाणे सोलता सोलता सुचला.

"अंकल, तुम्ही जपानला किती वेळा गेलात?"

"अजून योग नाही आला."

"मग हे सगळं कुठून कळलं? किती लोकांशी बोललात?"

"एकाशी," अंकल म्हणाले. मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, "पण भरवशाचा आहे."

तो भरवशाचा जपानी माणूस म्हणजे केंजी, त्यांचा जावई. मुलगी रेजिना इथल्या युनिव्हर्सिटीत शिकली, नोकरीसाठी ओसाकाला गेली आणि केंजीशी लग्न करून तिथेच राहिली. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल होतो. केंजी फारसा बोलत नाही. रेजिना बोलते, केंजी शेजारी बसून आपलं पेय पितो आणि अंकल सासरेपणाने त्याच्या ग्लासाचं निरीक्षण करतात. बर्फ किती, सोडा किती, लिंबू चिरून की पिळून. जपानच्या व्होडका मार्केटबद्दल अंकलना जे जे माहीत आहे ते एवढ्यावरून. मी त्या दिवशी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग एका आयातदाराचं प्रकरण सुरू झालं. ओसाकाच्या एका कंपनीकडे अंकलनी फिंगर लाइमच्या बाटल्या नमुना म्हणून पाठवल्या. एक वेगळी बाटली जावयालाही गेली. कंपनीची उत्तरं यायची ती इतकी सुंदर की अंकल कुंपणावरून मला वाचून दाखवायचे. तिकडे आता फुलं फुलली आहेत. बाटलीचा आकार फार शोभिवंत आहे. आपल्या परिश्रमांचा आम्हाला आदर वाटतो. प्रस्तावावर आम्ही मनःपूर्वक विचार करत आहोत.

"अंकल," मी एकदा धीर करून म्हटलं, "आपल्याकडे मुलगी बघून गेल्यावर पाहुणे 'कळवतो' म्हणतात ना, तसं वाटतंय मला हे."

"मलाही वाटतं," अंकल म्हणाले. "पण विचार करतायत तोवर नाही तर म्हणत नाहीत ना?"

पण शेवटी नाही आलंच. तेही इतकं नम्र की तिसऱ्यांदा वाचल्यावर मला कळलं. अंकलना पहिल्याच वाचनात कळलं होतं. ते केळीजवळच्या बाकावर बसले होते. एरवी अशा वेळी ते लगेच दुसऱ्या कंपनीचं नाव काढतात. त्या दिवशी काढलं नाही.

"आता कसा जाऊ गं?" ते म्हणाले.

"कुठे?"

"रेजिनाकडे."

मला काही कळेना. मुलगी दरवर्षी बोलावते, हे मला माहीत होतं. अंकल दरवर्षी 'मार्केट उघडलं की येतो' म्हणतात, हेही माहीत होतं. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

"तिने लग्नाचं सांगितलं तेव्हा मी 'बरं' म्हणालो नाही," अंकल सांगू लागले. "आमच्या चर्चमधला हवा होता मला. वसईचा नाही तर निदान मुंबईचा. फोन मार्गारेटकडे दिला आणि बाहेर येऊन झाडांना पाणी घालत बसलो. लग्नाला मार्गारेट एकटी गेली. मी गेलो नाही. वसईला माझे वडील लग्नात बाटली घेऊन मांडवभर फिरायचे. कोणाचा ग्लास रिकामा दिसला तर त्यांना लाज वाटायची. मुलीच्या लग्नात बापाने ओतायचं असतं, नेहा. सगळ्यांना. मार्गारेट परत आली आणि म्हणाली, त्यांच्याकडेही तसंच आहे, कोणी स्वतःचं ओतून घेत नाही. केंजीचे वडील तिथे सगळ्यांना ओतत होते. आणि आपल्या बाजूने ओतायला कोणीच नव्हतं."

कुंपणापलीकडे माझा नवरा गवत कापत होता. ते मशीन बंद होईपर्यंत अंकल थांबले.

"बाप म्हणून जायला तोंड नाही मला. म्हटलं, सेल्समन म्हणून जाईन. काम आहे ओसाकात, आलोच आहे तर भेटून जातो, असं. आणि आपली बाटली तिथल्या दुकानात असेल, तर ती कोणी ना कोणी, कोणाच्या तरी ग्लासात ओतेलच ना."

एवढी वर्षं मी या माणसाच्या वेडाला हसत होते. ते वेड नव्हतंच. त्यांना लेकीकडे जायचं होतं, आणि जायला काही कारण सापडत नव्हतं.

रविवारी त्यांनी मला कॉलला बोलावून घेतलं. कंपनीने नाही म्हटलं हे लेकीला सांगायचं होतं आणि एकट्याला ते जमेना. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, उंच ग्लास, काठापर्यंत बर्फ, फिंगर लाइमची बाटली, सोडा. सगळं जय्यत तयार आणि ग्लास अर्थातच रिकामा. तो दर रविवारी तसाच रिकामा राहतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आंटी गेल्यापासून या घरात तो भरणारं होतं कोण?

स्क्रीनवर रेजिना आणि केंजी आले. मला बघून रेजिनाने हात हलवला. अंकलनी हवामान सांगितलं, केळीला घड लागलाय ते सांगितलं, मग घसा खाकरून म्हणाले, "रेजी, ते आपलं मार्केटचं काही जमलं नाही."

"म्हणजे?"

"कंपनी नको म्हणाली."

"मग? पप्पा, तू येणार नाहीस?"

अंकल बर्फाकडे बघत होते. मी बाटलीकडे हात नेला, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेला केंजी पुढे वाकला.

"पप्पासान," तो म्हणाला, "युअर ग्लास इज एम्प्टी."

"यस, यस. नो वरीज," अंकल म्हणाले.

केंजी उठून गेला. आला तो एक उंच ग्लास घेऊन. त्यात काठापर्यंत बर्फ होता. मग त्याने अंकलनी पाठवलेली बाटली दोन्ही हातांनी धरून ओतली, सोडा घातला, रानलिंबाचे दाणे नव्हते म्हणून साधं लिंबू पिळलं आणि तो ग्लास टेबलाच्या त्या बाजूला ठेवला, जिथे कोणी बसलेलं नव्हतं. खुर्ची मात्र मांडलेली होती.

"युअर्स," तो म्हणाला आणि लाल झाला.

"तो दर रविवारी भरतो, पप्पा," रेजिना म्हणाली. "कॉल संपल्यावर. तुला दाखवायला लाजत होता."

अंकलनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग त्यांनी मराठीतच विचारलं, "मग पितं कोण ते?"

"मीच पिते. थोडा वेळ बघतो आम्ही, मग बर्फ वितळतो."

अंकल माझ्याकडे वळले. स्क्रीनवरच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण त्यांना स्वच्छ ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी विचारलं, "नेहा, ओसाकाचं तिकीट काढायला काय काय लागतं गं?"

"पासपोर्ट."

"आणि कारण?"

"कारण विचारत नाहीत, अंकल."

मी त्यांचा ग्लास भरला. त्यांनी लगेच दुसरा ग्लास काढून माझ्यासाठी भरला. मी घेत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी मी घेतली. स्वतःच्या ग्लासाला त्यांनी हात लावला नाही. तिकडे त्या रिकाम्या खुर्चीसमोर बर्फ वितळायला लागला होता. अंकल लॅपटॉपजवळ तोंड नेऊन जावयाला, दूर उभ्या माणसाला हाक मारावी तसे मोठ्याने सांगत होते, "केंजी, डोन्ट ड्रिंक इट. आय ॲम कमिंग."